ट्रस्ट की कंपनी? नांगर विकणाऱ्या माणसाची गोष्ट

आजचा भाग सुरू होतो अहमदपूरच्या एका चहाच्या टपरीवरून. गावात आम्ही चार मित्र दोन वर्षांपासून एक छोटी अभ्यासिका चालवतो. चाळीस खुर्च्या, वायफाय, थंड पाणी. पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी पोरं-पोरी तिथं बसतात. खर्च आमच्या पगारातून. आता जागा वाढवायची आहे, लोकांकडून पैसे घ्यावे लागणार, म्हणजे नोंदणी आली. दोघं म्हणाले, ट्रस्ट करू. तिसरा म्हणाला, कंपनी काढू, फी लावू, लातूर-नांदेडला शाखा काढू. मी पुण्यात एका स्टार्टअपमध्ये कोड लिहितो, म्हणून तिघंही माझ्याकडं बघायला लागले. मला उत्तर देता आलं नाही.

रात्री ट्रॅव्हल्समध्ये झोप येईना. तेव्हा एक माणूस आठवला, ज्यानं दोन्ही कामं जवळून केली होती.

आधी त्याच्या मालकाची गोष्ट ऐका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान टाकलं. पुढं कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमिनीत विष भिनतं. पहिला नांगर विकायलाच दोन वर्षं लागली. दोन वर्षं विक्री शून्य! आज आमच्याकडं दोन महिने युजर वाढले नाहीत तरी मीटिंगवर मीटिंग होतात. त्यात बेळगावची जागाही सोडावी लागली. मग औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळरान दिलं आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसायला लागली. आजच्या भाषेत, फाउंडर, न खपणारं प्रॉडक्ट आणि शेवटी विश्वास ठेवणारा एक इन्व्हेस्टर.

हे नांगर खपवायला गावोगाव फिरणाऱ्यांमध्ये एक उंचापुरा तरुण होता. नाव भाऊराव पायगोंडा पाटील. होय, तेच कर्मवीर भाऊराव पाटील. आता बघा, नांगर विकणाऱ्याला काय करावं लागतं? शेतकऱ्याच्या बांधावर जायचं, त्याची शंका ऐकायची, त्याला पटेल असं दाखवायचं. या फिरतीत भाऊरावांना दुसरीच गरज दिसली. गावंच्या गावं निरक्षर होती. शाळा लांब, आणि तालुक्याला शिकायला गेलेल्या पोराला राहायला जागा नाही. जातीमुळं तर अनेकांना कुणी दारातही उभं करत नव्हतं.

4 ऑक्टोबर 1919 ला कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह आलं. त्यांनी आधी कॉलेजची इमारत बांधली नाही, आधी राहण्या-जेवणाची सोय केली. अडचण तिथंच होती. सगळ्या जातींची मुलं एकत्र स्वयंपाक करायची, एकाच पंगतीत जेवायची. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचं नाव दिलं गेलं.

आणि पैसा? आपण ज्याला रनवे म्हणतो, म्हणजे हातातल्या पैशावर अजून किती दिवस तग धरता येईल, तो तिथं कायमच संपत आलेला असायचा. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीनं, एकेक करत दागिने विकले. शेवटी मंगळसूत्रही गेलं. मुलं स्वतः कष्ट करून खर्च भागवायची. 'कमवा आणि शिका' ही योजना या अडचणीतूनच घडली. 1959 मध्ये भाऊराव गेले, तेव्हा संस्थेच्या शंभरावर माध्यमिक शाळा होत्या.

तुम्ही म्हणाल, हे सगळं पश्चिम महाराष्ट्रातलं. आमच्या मराठवाड्यात काय होतं? इथं निजामाचं राज्य. कारभार उर्दूतून, 1918 मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. अशा वेळी 1921 मध्ये हिप्परग्याला, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात, राष्ट्रीय शाळा निघाली. पुढं तिथं व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक आले. 1932 मध्ये त्यांनी संन्यास घेतला, तेच स्वामी रामानंद तीर्थ. 1935 च्या सुमारास ते अंबाजोगाईला आले आणि योगेश्वरी विद्यालयाच्या कामाला लागले. या शाळांमधले शिक्षक आणि विद्यार्थी पुढं हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरले. 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, त्यामागंही स्वामीजी होते. म्हणजे जागा बदलली, कामाचं रूप बदललं, पण गरज तीच धरून ठेवली. आम्ही याला पिव्हट म्हणतो आणि त्यावर लिंक्डइनवर पोस्ट टाकतो.

आता मुद्द्यावर येतो. पहिल्या पाच-दहा वर्षांत संस्था आणि स्टार्टअप जुळ्या भावंडांसारख्या दिसतात. चार वेडे लोक, कमी पगार, आणि एक मोठा धोका. वापरणारा एक असतो आणि पैसे देणारा दुसरा. अॅप तुम्ही फुकट वापरता, पैसे इन्व्हेस्टर देतो. वसतिगृहात पोरगं राहतं, पैसे देणगीदार देतो. मग हळूहळू दोघंही पैसेवाल्याला दाखवायला काम करतात. एकाकडं स्लाइड असतात, दुसऱ्याकडं उद्घाटनाचे फोटो. मी आधी ज्या कंपनीत होतो, ती याच नादात बंद पडली. स्लाइड झकास होत्या, युजर निघून गेले होते.

पण काम यशस्वी झालं की दोघांचे रस्ते वेगळे होतात. कंपनीत शेअर असतात. फाउंडर ते विकून बाहेर पडू शकतो आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. ट्रस्टमध्ये शेअर नसतात, शिल्लक वाटून घेता येत नाही. कागदावर ती कुणाचीच मालमत्ता नसते. पण आमच्या भागात काय झालं, हे तुम्हाला सांगायला नको. किती संस्था साहेबांकडून मुलाकडं, मुलाकडून सुनेकडं गेल्या? नोकरीला लागायला पोरांच्या बापांनी वावर विकलं. कागदावर ट्रस्ट, वागण्यात घरची कंपनी, तीही शेअर न घेता मिळालेली. लक्ष्मीबाईंनी दागिने विकून संस्था उभी केली. इथं संस्थेत शिरायला दुसऱ्यांच्या घरातले दागिने विकले जातात.

म्हणून मित्रांना मी फोन करून सांगितलं, नाव काय द्यायचं हा प्रश्न दुसरा. महाराष्ट्रात 1860 चा संस्था नोंदणी कायदा आहे, 1950 चा सार्वजनिक विश्वस्त कायदा आहे, आणि कंपनी कायद्यातलं कलम 8 सुद्धा आहे, ज्यात कंपनी असूनही नफा वाटता येत नाही. पहिला प्रश्न हा, की अभ्यासिका चालली तर ती कुणाची होणार?

शेवटी ट्रस्ट ठरला. घटनेत तीन ओळी टाकतोय. एका घरातला एकच विश्वस्त. पाच वर्षांनी प्रत्येकानं पद सोडायचं. आणि दर महिन्याचा हिशेब अभ्यासिकेच्या भिंतीवर चिकटवायचा, तिथं बसणाऱ्या पोरांना दिसेल असा. कंपनी काढू म्हणणारा मित्र अजून थोडा नाराज आहे. फी किती ठेवायची, हा वाद मात्र त्यालाच मिटवायला दिलाय, कारण हिशेब त्यालाच कळतो.

पाच वर्षांनी मलाही उठावं लागेल. तेव्हा मी सहज उठेन का, हे आत्ता छातीठोकपणे सांगत नाही. म्हणून तर ते लिहून ठेवतोय.

तुमच्या गावात अशी एखादी संस्था असेल, तर तिचा हिशेब कधी पाहिलाय का? एकदा जाऊन मागून बघा. भेटू पुढच्या भागात.