तट गेला, दरवाजा राहिला

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील युवकांना घेऊन मी वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. छप्पर हरवलेली मंदिरे, भिंतींतून उगवलेले पिंपळ, जमिनीवरील थडग्यांच्या शिळा हे सारे दाखवीत आम्ही बंदर दरवाजापाशी आलो. तेथे एका मुलाने मला विचारले, "फादर, हा किल्ला आपला की परक्यांचा? आपण तो बांधणाऱ्यांचे वारस की त्याच्या ओझ्याखाली दबलेल्यांचे?" मी काहीतरी उत्तर दिले, परंतु त्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. तो प्रश्न मनात तसाच राहिला. पुढे मलेशियातील मलाक्का या प्राचीन बंदराला भेट देण्याचा योग आला, तेव्हा तेथील एका दरवाजासमोर उभे असताना तोच प्रश्न पुन्हा माझ्यापुढे उभा ठाकला.

क्वालालंपूरहून बसने सुमारे दोन तासांत मलाक्क्याला पोहोचता येते. शहराच्या जुन्या भागात, सेंट पॉल टेकडीच्या पायथ्याशी, एक काळपट दगडी कमान एकटीच उभी आहे. तिचे नाव 'पोर्ता द सान्तियागो', म्हणजे संत याकोबाचा दरवाजा. दगड पाहताच आपल्या कोकणातील जांभ्याची आठवण होते. कमानीतून आत शिरावे तर लगेच पलीकडे बाहेर पडतो. डावीकडे तट नाही, उजवीकडे तट नाही. ज्या शहराचे रक्षण करण्यासाठी हा दरवाजा होता, त्या शहराचा कोट आज अस्तित्वात नाही. एकेकाळी समुद्र या टेकडीच्या अगदी जवळ होता. आता भरावामुळे तोही दूर सरकला आहे.

या कमानीचा इतिहास १५११ मध्ये सुरू होतो. गोवा जिंकून वर्षही उलटले नव्हते, तोच अफोन्सो द अल्बुकर्क आपले आरमार घेऊन मलाक्क्यावर चालून गेला. त्या काळी मलाक्का हे पूर्वेकडील व्यापाराचे मोठे नाके होते. चीनचे रेशीम, मोलुक्का बेटांतील लवंग व जायफळ, गुजरातचे कापड या साऱ्याची तेथे देवघेव होई. विजयानंतर थोड्याच काळात तेथे राहिलेल्या टोमे पिरेस या पोर्तुगीज औषधविक्याने या शहरात ८४ भाषा बोलल्या जात असल्याची नोंद केली आहे. पहिला हल्ला झाला तो २५ जुलै रोजी, संत याकोबाच्या सणाच्या दिवशी. ऑगस्टमध्ये शहर पडले, सुलतान महमूद शहा आपल्या माणसांसह निघून गेला आणि अल्बुकर्कने टेकडीभोवती किल्ला उभारण्यास प्रारंभ केला.

येथे आपण थोडे थांबले पाहिजे. हा किल्ला उभारण्यासाठी दगड कोठून आला? सुलतानांच्या कबरींचे आणि मशिदींचे दगड काढून ते तटबंदीसाठी वापरण्यात आले. ही गोष्ट आपल्या शत्रूंनी रचलेली नाही. पोर्तुगीज लेखकांनीच ती लिहून ठेवली आहे. ज्या तटावर क्रुसाचे चिन्ह असलेले निशाण फडकत होते, त्याच्या पायात दुसऱ्यांची पूजास्थाने व दुसऱ्यांचे पूर्वज होते. आपल्या पूर्वजांची श्रद्धास्थाने उद्ध्वस्त झाली म्हणून आपण हळहळतो. मग हे वाचूनही आपल्याला तितकीच हळहळ वाटली पाहिजे. नाहीतर आपली हळहळ ही श्रद्धेची नसून केवळ अभिमानाची ठरेल.

दरवाजातून आत गेल्यावर पायऱ्यांनी टेकडीवर चढता येते. माथ्यावर छप्पर नसलेले एक जुने मंदिर आहे. तेथे पोहोचताच वसईकराचे पाऊल अडखळते, इतके ते आपल्या किल्ल्यातील मंदिरांसारखे दिसते. १५२१ मध्ये दुआर्ते कोएल्यो या पोर्तुगीज सरदाराने येथे पवित्र मरियेच्या नावाने एक छोटे मंदिर बांधले. पुढे ते येशूसंघीयांच्या हाती आले. १५४५ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर प्रथम मलाक्क्यास आले. १५४७ मध्ये अंजिरो नावाच्या जपानी गृहस्थाची आणि त्यांची भेट येथेच झाली. त्या भेटीतून जपानच्या मिशनकार्याची प्रेरणा त्यांना मिळाली आणि १५४९ मध्ये येथूनच ते जपानला निघाले. जे झेवियर आपल्या वसईलाही येऊन गेले, तेच या टेकडीवर वावरले. या विचाराने मन भरून आले.

परंतु संताच्या चरित्रातील एक कडू प्रसंगही याच शहरात घडला. १५५२ मध्ये चीनला जाण्याची सारी सिद्धता करून झेवियर मलाक्क्यास आले. दिओगो परेरा हा त्यांचा व्यापारी मित्र राजदूत म्हणून जाणार होता आणि त्याच्यासोबत संतालाही चीनचे दार उघडणार होते. तेथे आडवा आला तो डॉम आल्व्हारो द आताईद. हा मलाक्क्याचा पोर्तुगीज अधिकारी प्रत्यक्ष वास्को द गामाचा पुत्र होता. स्वार्थ आणि मत्सर यांपायी त्याने परेराला अडवून धरले. संताने विनवण्या केल्या, अखेर पोपमहोदयांचे प्रतिनिधी या नात्याने धर्मबहिष्काराचे अस्त्रही उपसले. काही उपयोग झाला नाही. राजदूताविना, एकाकी अवस्थेत त्यांना निघावे लागले. त्याच वर्षी ३ डिसेंबर रोजी चीनच्या किनाऱ्यासमोरील सांच्यान बेटावर त्यांनी देह ठेवला.

लक्षात घ्या, संताला अडविणारा मूर्तिपूजक राजा नव्हता की मुस्लिम सुलतान नव्हता. तो बाप्तिस्मा घेतलेला, क्रुसाच्या निशाणाखाली लढणारा, याच तटाच्या आत राहणारा ख्रिस्ती माणूस होता. किल्ल्याची सत्ता आणि शुभवर्तमान ही एकच गोष्ट आहे, असे ज्यांना वाटते, मग ते आपले टीकाकार असोत की आपल्यातीलच भाबडे अभिमानी असोत, त्यांनी हा प्रसंग अवश्य वाचावा.

मार्च १५५३ मध्ये संताचा देह मलाक्क्यास आणण्यात आला. लोकांनी तो सन्मानाने टेकडीवर नेला आणि या मंदिरात पुरला. काही महिन्यांनी तो उकरून गोव्याकडे पाठविण्यात आला व मार्च १५५४ मध्ये गोव्यास पोहोचला. मलाक्क्याच्या मंदिरात त्या रिकाम्या कबरीची जागा आजही दाखवितात. बाहेर संताचा एक पुतळा आहे. तो १५५२ च्या स्मरणार्थ १९५२ मध्ये उभारण्यात आला. उभारल्यावर लवकरच सुरूचे एक झाड त्यावर कोसळून उजवा हात मोडला, असे तेथे सांगतात. संताच्या देहाचा उजवा हातही १६१४ मध्ये वेगळा करून रोमला नेण्यात आला होता, हे भाविक आवर्जून आठवतात.

त्या मंदिराच्या भिंतींना टेकवून जुन्या थडग्यांच्या मोठमोठ्या शिळा उभ्या केलेल्या आहेत. त्यांपैकी एका शिळेपुढे मी बराच वेळ उभा राहिलो. ती जपानचे बिशप पेद्रो मार्टिन्स यांची. ते येशूसंघीय होते आणि फेब्रुवारी १५९८ मध्ये सिंगापूरच्या सामुद्रधुनीत, प्रवासात असताना, त्यांचे निधन झाले. या बिशपांचा आणि आपला संबंध काय? ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे जे २६ हुतात्मे क्रुसावर मारले गेले, त्यांत आपल्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया होते. त्या वेळी बिशप मार्टिन्स नागासाकीतच होते. वसईच्या पुत्राचे बलिदान ज्यांच्या काळजाला जवळून भिडले, तो मेंढपाळ अवघ्या एका वर्षाने या टेकडीवर विसावला. गोन्सालो स्वतःही तरुणपणी पूर्वेकडे गेले होते आणि गोव्याकडून जपानला जाणारी जहाजे मलाक्का व मकाव याच मार्गाने जात. मी त्या शिळेवर हात ठेवला, आमेन म्हटले आणि घरापासून इतक्या दूर येऊनही आपल्याच माणसाच्या ओट्यावर बसल्यासारखे वाटले.

आता किल्ल्याच्या पुढील कथेकडे वळू. पोर्तुगीजांनी मलाक्का १३० वर्षे सांभाळले. ऑगस्ट १६४० मध्ये डचांनी वेढा घातला. जोहोरचा सुलतान त्यांच्या बाजूस होता. उपासमार आणि रोगराई यांनी तटाच्या आतील माणसे गळून पडली आणि १४ जानेवारी १६४१ रोजी शहर डचांच्या हाती गेले. आपल्याकडे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या वेढ्यापुढे वसई पडली, तिची येथे आठवण येते. डचांनी हा दरवाजा दुरुस्त करून त्यावर आपल्या ईस्ट इंडिया कंपनीचे मानचिन्ह व १६७० हे वर्ष कोरले; ते आजही वाचता येते. दरवाजाचे नाव संताचे, कपाळावर शिक्का कंपनीचा!

डच प्रॉटेस्टंट होते. त्यांनी टेकडीवरील मंदिर आपल्या उपासनेसाठी घेतले आणि कॅथलिक उपासनेवर बंदी घातली. धर्मगुरूंना शहरात थारा उरला नाही. तरीही पोर्तुगीज आणि स्थानिक रक्ताच्या मिश्रणातून आलेल्या, बहुधा मासेमारीवर जगणाऱ्या त्या गरीब कुटुंबांनी आपली श्रद्धा टाकली नाही. घरांत, आडरानात, अधूनमधून गुपचूप येणाऱ्या एखाद्या धर्मगुरूच्या हस्ते ते संस्कार स्वीकारीत राहिले. अठराव्या शतकाच्या आरंभी बंधने सैल झाली व १७१० मध्ये संत पीटरचे मंदिर उभे राहिले. ते किल्ल्याच्या आत नाही, बाहेर आहे. आजही तेथे मिस्सा होते आणि उत्तम शुक्रवारी मोठी मिरवणूक निघते. टेकडीवरील मंदिर मात्र १७५३ मध्ये डचांनी स्वतःचे नवे मंदिर बांधल्यावर मागे पडले आणि केवळ दफनभूमी होऊन राहिले.

मग इंग्रज आले. १७९५ मध्ये मलाक्का त्यांच्या ताब्यात आले. कधीतरी ते डचांना परत द्यावे लागेल, तेव्हा हा बळकट किल्ला आपल्याविरुद्धच उभा राहील, अशी भीती त्यांना होती. म्हणून १८०७ मध्ये विल्यम फार्कर या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली तो पाडण्याचे काम सुरू झाले. कुदळी-पहारींना तट दाद देईना. अखेर सुरुंग लावावे लागले. मलाक्क्यात जन्मलेला मुन्शी अब्दुल्ला त्या वेळी दहा-अकरा वर्षांचा होता. पुढे त्याने आपल्या 'हिकायत अब्दुल्ला' या आत्मकथेत त्या स्फोटांचे वर्णन केले आहे. दगडांचे हत्तीएवढे, घराएवढे तुकडे उडून समुद्रात पडत, असे तो सांगतो. अब्दुल्ला हा मुस्लिम. ज्या तटात त्याच्या धर्मबांधवांच्या मशिदींचे दगड होते, तो तट पडताना त्याला आनंद झाला नाही. आपल्या शहराचे वैभव गेले म्हणून तो हळहळला. तीनशे वर्षांत तो कोट जिंकणाऱ्यांचा राहिला नव्हता, गावाचा झाला होता. स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी १८०८ मध्ये मलाक्का ओसाड करण्यास विरोध करणारा अहवाल पाठविला. उरलेला हा एकच दरवाजा वाचविण्याचे श्रेय सामान्यतः त्यांनाच देतात. २००८ मध्ये युनेस्कोने मलाक्का शहराला जागतिक वारसास्थळांच्या यादीत स्थान दिले आणि या कमानीपुढे आता जगभरचे पर्यटक छायाचित्रे काढतात.

संध्याकाळी मी शहरालगतच्या पोर्तुगीज वस्तीत गेलो. १९३० च्या दशकात, फादर जूल्स फ्रान्स्वा व फादर आल्व्हारो कोरोआदो या दोन धर्मगुरूंच्या खटपटीने, विखुरलेल्या गरीब ख्रिस्ती कुटुंबांसाठी समुद्रकाठच्या दलदलीच्या जागेवर ही वस्ती उभी राहिली. येथील लोक स्वतःला व आपल्या बोलीलाही 'क्रिस्तांग' म्हणतात. ही बोली पोर्तुगीजपासून जन्मलेली आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातील कोर्लईच्या ख्रिस्ती बांधवांची बोली याच कुळातली. २९ जून रोजी संत पेत्राच्या सणाला येथील कोळी आपल्या होड्या सजवितात व त्यांना आशीर्वाद घेतात. एका आजीबाईंशी खुणांनी व मोडक्या इंग्रजीत बोललो. मलय भाषेत मंदिराला 'गेरेजा' म्हणतात. आपल्या कोकणी बांधवांची 'इगर्ज' ती हीच. त्यांचे 'नानास' म्हणजे आपले अननस, त्यांची 'अलमारी' म्हणजे आपली अलमारी! दोघेही मनमोकळे हसलो. किनाऱ्यावरील भरावामुळे मासळी दूर गेल्याचे सांगताना मात्र त्यांचा चेहरा उतरला. वसईच्या कोळीवाड्यात ही तक्रार मी किती वेळा ऐकली आहे!

परतताना पुन्हा त्या दरवाजापाशी आलो. आमच्या त्या युवकाच्या प्रश्नाला आता काही उत्तर देता येईल असे वाटले. आपण किल्ल्याचे वारस नाही. किल्ला बांधणारे गेले, जिंकणारे गेले, पाडणारेही गेले. त्यांच्या कर्तृत्वाचा गर्व आपण वाहू नये आणि त्यांच्या पापांवर पांघरूणही घालू नये. आपण वारस आहोत ते तटाबाहेर राहून, सत्तेचे छत्र हरपल्यावरही, श्रद्धा जपणाऱ्या साध्या माणसांचे. मलाक्क्यात १६४१ नंतर आणि वसईत १७३९ नंतर ख्रिस्तसभा जिवंत राहिली, ती तोफांच्या बळावर नव्हे. तोफा तर केव्हाच गप्प झाल्या होत्या. ती राहिली मातांनी मुलांना शिकविलेल्या प्रार्थनांनी, घरोघरच्या रोझरीने, कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या चिवट निष्ठेने.

तो युवक आता संसाराला लागला आहे. गेल्या सणाला तो आपल्या लहानग्याला घेऊन वसईच्या किल्ल्यात आला होता. त्याला मी मलाक्क्याची ही हकीकत सांगितली. त्याने सारे ऐकून घेतले आणि मुलाला खांद्यावर घेऊन बंदर दरवाजाकडे बोट दाखविले. त्याने मुलाला काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. परंतु पुढच्या पिढीला त्या दगडांविषयी खरे काय ते सांगणे, त्यातील अभिमानाचे आणि लज्जेचेही, हे काम आता त्याच्याकडे आले आहे. ते आपल्या प्रत्येक कुटुंबाचे आहे.