उज्जयिनीची पंगत

उज्जयिनीस गेलेला यात्रेकरू पहाटे महाकालेश्वराचे दर्शन आटोपून बाहेर पडतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मोक्षाचा नव्हे, न्याहारीचा. आज त्याचे उत्तर चार पावलांवर मिळते. वाफेवर ठेवलेली पोह्यांची परात, शेजारी जिलबीची कढई आणि समोर एक लाकडी बाक. परंतु त्या बाकापर्यंत पोहोचण्यास या नगरीला शतकानुशतके लागली. देवळांच्या इतिहासात ही हकीकत सहसा येत नाही, म्हणून ती येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ याच नगरीत घडते. नाटकाच्या आरंभीच भुकेलेला सूत्रधार काही खावयास मिळेल या आशेने घरी येतो. चौथ्या अंकात मैत्रेय वसंतसेनेच्या वाड्यातील पाकशाळा पाहतो, आणि आता आपणांस कोणी पानावर बसवील काय, या विचाराने त्याचा जीव कासावीस होतो. या दोन्ही प्रसंगांत अन्न विपुल आहे. पण ते दुसऱ्याच्या बोलावण्यावर अवलंबून आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर, संकटकाळी वैश्यवृत्ती पत्करलेल्या ब्राह्मणाने जे पदार्थ विकू नयेत, त्यांत शिजविलेल्या अन्नाची गणना केली आहे. अन्न द्यावे, विकू नये, हा आदर्श उदात्त खरा. पण देणारा ज्याला पंक्तीला बसवील त्यालाच ते मिळणार, ही त्याची दुसरी बाजूही आपण विसरता कामा नये.

अठराव्या शतकात माळव्यावर मराठ्यांचा अंमल बसला आणि राणोजी शिंद्यांनी उज्जयिनीस आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर हे शेणवी, म्हणजे आमच्या कोकणी वाचकांस घरचेच. महाकालाच्या मंदिराचा जीर्णोद्धार १७३४ च्या सुमारास त्यांच्या हातून झाला. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरीस हलविली, तरी उज्जयिनीचे मराठी वळण गेले नाही. बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेले गोपाळमंदिर आजही भर बाजारात उभे आहे. शिंदे-होळकरांच्या काळात घाट बांधले गेले, धर्मशाळा झाल्या, अन्नदानाची परंपरा वाढली. पण त्या काळचे अन्नदान बहुतांशी ब्राह्मणभोजनाच्या रूपाने होई, आणि इतरत्र पंक्ती बसत त्या जातवार बसत. घाट सर्वांच्या दृष्टीस पडे. पान सर्वांच्या पुढे पडत नसे.

मग सामान्य यात्रेकरू जेवत असे कोठे? बहुधा आपल्याच चुलीपाशी. शिधा बरोबर आणावयाचा, पंड्याच्या ओसरीवर किंवा धर्मशाळेच्या अंगणात तीन दगड मांडावयाचे. माळव्याचे दाल-बाफले या रीतीस फार सोयीचे. कणकेचे गोळे उकडून घ्यावयाचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजावयाचे आणि तुपात बुडवून तुरीच्या वरणाबरोबर खावयाचे. भांडी थोडी लागतात आणि दुसऱ्याच्या हातचे काही घ्यावे लागत नाही.

विकतच्या अन्नाने या कुंपणात प्रवेश केला तो हलवायाच्या हाताने. उत्तर हिंदुस्थानात ‘कच्ची’ आणि ‘पक्की’ असा रसोईचा भेद मानीत. पाण्यात शिजविलेले ते कच्चे. ते स्वजातीच्याच हातचे चाले. तुपात तळलेले ते पक्के. ते पुष्कळांच्या हातचे चाले. आम्हां वकिलांस कायद्यातील पळवाट चटकन दिसते, म्हणून म्हणतो, की पुरी, कचोरी आणि जिलबी ही मुळात धर्मनियमांतून काढलेली एक चविष्ट पळवाट होती! भात विकण्याचे धाडस होण्यापूर्वी बाजारात कढई का आली, याचे रहस्य या भेदात आहे. पोहे मागाहून आले. ते मराठी कुटुंबांबरोबर आले असे माळव्यात सर्वत्र मानतात. बडीशेप, शेव आणि जिरावन यांनी त्यांना येथे नवे गोत्र दिले. आपल्या घरच्या कांदेपोह्यांचा हा माळवी भाऊ जिलबीशेजारी बसतो, आणि ही सोयरीक दोघांसही मानवली आहे.

तथापि दुकान आले म्हणजे बाक सर्वांचा झाला, असे नव्हे. कप वेगळा, जागा वेगळी, हे प्रकार देशभर होते. १९४८ च्या नोव्हेंबरात घटनापरिषदेत ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ विचारला गेला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याची व्याप्ती मुद्दाम विस्तृत सांगितली : जो कोणी मोबदल्यासाठी लोकांस सेवा देतो, त्याचे स्थान त्यात येते. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने उपाहारगृहांची दारे जातिभेदावाचून खुली केली. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने तर उपाहारगृह, धर्मशाळा आणि सराई येथील भांड्यांचाही उल्लेख केला. कायदेमंडळाने पेल्याची आणि थाळीची नावे घ्यावीत, यावरून अन्याय किती खोल मुरला होता ते ध्यानात येते.

येथे आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. मुलकीच्या श्रीवेंकटरमण देवस्थानाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५७ चा तो निर्णय घटनेच्या अभ्यासकांस परिचित आहे. देवालय गौड सारस्वतांसाठी स्थापन झाले असले तरी सार्वजनिक मंदिरात सर्व हिंदूंना प्रवेश असला पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. काही विशिष्ट विधी तेवढे समाजापुरते राखण्यास मुभा दिली, तीही इतरांच्या दर्शनाचा हक्क नाममात्र उरणार नाही या मर्यादेत. न्यायालय दार उघडू शकते. पंगतीत शेजारी कोण बसले असता आपला घास अडखळतो, हे मात्र ज्याचे त्यानेच तपासावयाचे असते.

मागे उज्जयिनीस गेलो असता आम्ही त्या बाकावर बसलो. एका बाजूस एक भगवी वस्त्रे ल्यालेला वृद्ध, दुसरीकडे डोक्यावरचे ओझे उतरवून बसलेला हमाल. वृद्धाने शेव मागितली. हमालाने आपल्या पुढचे भांडे सरकविले. कोणी कोणाचे नाव विचारले नाही. दुपारी देवस्थान समितीच्या अन्नक्षेत्रातही हाच अनुभव आला : रांगेत उभे राहावे आणि जेवावे, मोबदला नाही आणि गोत्राची चौकशीही नाही. अन्न द्यावे हा जुना आदर्श आणि ते सर्वांस समान द्यावे हा नवा न्याय, दोन्ही तेथे एकाच थाळीत वाढले होते.

रामचंद्रबाबांनी देवाचे घर पुन्हा उभे केले, त्याचा आपणांस रास्त अभिमान आहे. त्या घराभोवतीची पंगत मात्र अनेक अनामिक हातांनी, आणि शेवटी कायद्याच्या साहाय्याने, पुरी केली. पुढच्या जत्रेस आपल्या देवळात पाने मांडली जातील, तेव्हा ती कोणासाठी व कोठपर्यंत मांडली आहेत, एवढे आपण उठून पाहून यावे.