सगळ्यांना सक्तीचा पेपर

बी.ए. असो की बी.एस्सी., काही पेपर सगळ्यांनाच. ही भानगड नव्या शैक्षणिक धोरणानं आणली असं वाटत असेल, तर आमच्या परभणीकडे बघा. 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात. राज्यातलं एकमेव विद्यापीठ हैदराबादचं उस्मानिया, 1918 सालचं. माध्यम उर्दू, इंग्रजी सक्तीची. शिवाय मुसलमान विद्यार्थ्यांना धर्मशास्त्र, बाकीच्यांना नीतिशास्त्र. चारठाण्याच्या मराठी पोरानं तिथं जाऊन रसायनशास्त्रसुद्धा उर्दूतच शिकायचं! 1938 मध्ये वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना काढलं, तेव्हा अनेकांनी नागपूर गाठलं.

मराठवाडा विद्यापीठ आलं 1958 साली. पुढे पर्यावरणाचा पेपर सक्तीचा झाला, तो सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे. आता ‘भारतीय ज्ञान प्रणाली’चे दोन क्रेडिट. विषय मला आवडतो. पीडीएफ वाचून तो उरकायचा, याचा मात्र राग येतो. चारठाण्यात यादवकाळातली देवळं आहेत, उंच कोरीव स्तंभ आहे. चुन्याशिवाय दगडात दगड कसा बसवला, हे तिथं हातानं चाचपता येतं. जिंतूर तालुक्यातलंच तर गाव. दोनातलं एक क्रेडिट तिथं उन्हात उभं राहून मोजमापं घेण्याला द्या की!