भिंतीवरून उतरलेली चित्रं

'बा बा ब्लॅक शीप' आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलंय. पॉला रेगो या चित्रकर्तीने १९८९ साली त्यावर एक मुद्राचित्र केलं. त्यात एक धिप्पाड मेंढा माणसासारखा बसलाय आणि त्याच्या कवेत एक मुलगी! नातीसाठी केलेली ही बालगीतांची मालिका. बघताना हसू येतं आणि जरा भीतीही वाटते. पॉलाचं नाव निघालं की जादुई वास्तववादाचा उल्लेख होतो, तो यामुळेच.

मला मात्र तिची दुसरी एक मालिका जास्त महत्त्वाची वाटते. तिच्यात जादू अजिबात नाही.

पॉला १९३५ साली लिस्बनमध्ये जन्मली, सालाझारच्या हुकूमशाहीत. (गोवा सोडायला शेवटपर्यंत तयार नसलेला तोच हा सालाझार.) १९७४ मध्ये ती राजवट गेली, पण काही अपवाद सोडले तर गर्भपात गुन्हाच राहिला. २८ जून १९९८ ला त्यावर सार्वमत झालं. जेमतेम ३२ टक्के लोक मतदानाला आले आणि काठावरच्या फरकाने 'नाही' जिंकलं.

लंडनमध्ये राहणारी पॉला संतापली. तिने चोरून गर्भपात करून घेणाऱ्या बायका रंगवल्या. खाट, बादली, आणि एक तर शाळेच्या गणवेशातली पोर. रक्त कुठेच नाही. काहीजणी थेट आपल्याकडे बघतात.

पण मोठं चित्र एकाच भिंतीवर टांगलं जातं. म्हणून तिने तोच विषय तांब्याच्या पत्र्यावर घेतला. पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने रेघा, मग आम्लात बुडवायचं. आम्लाने खाल्लेल्या रेघांत शाई भरली की एका पत्र्यातून कितीतरी प्रती निघतात. स्वस्तात, दूरवर जाणाऱ्या.

पुढच्या सार्वमताच्या वेळी ही चित्रं पोर्तुगीज वर्तमानपत्रांत छापून आली. ११ फेब्रुवारी २००७ ला सुमारे ५९ टक्के मतं 'हो'च्या बाजूने पडली आणि दहा आठवड्यांपर्यंतचा गर्भपात कायदेशीर झाला.

चित्रांनी कायदा बदलला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. त्यासाठी कित्येक बायका वर्षानुवर्षं झगडल्या. पण ज्या गोष्टीबद्दल घराघरांत गप्प बसायची रीत होती, ती सकाळच्या पेपरातून थेट घरात आली, हे काही थोडं नाही.

पॉला जून २०२२ मध्ये गेली. मेंढ्याला माणसासारखं बसवणारी ही बाई, पण खरं सांगायची वेळ आली तेव्हा तिने मेंढा बाजूला ठेवला. मला तिचं मोठेपण तिथे दिसतं.