चिखल अडवणारी फळी

१९०१ साली अमेरिकेत ओल्डस्मोबाइलची एक छोटी मोटार विकायला आली. तिला ‘कर्व्ह्ड डॅश’ म्हणत, कारण चालकाच्या पायांपुढे एक वळवलेली फळी होती. अशी फळी घोडागाडीत असे. घोड्याच्या टापांनी उडालेला चिखल आणि खडे गाडीवानाच्या अंगावर येऊ नयेत म्हणून ती लावत. या मोटारीपुढे घोडा नव्हता, इंजिन आसनाखाली होतं, तरी फळी जागच्या जागी राहिली. वेग किती, पेट्रोल किती उरलं, इंजिन तापलंय का, यातलं काहीही सांगणं तिचं काम नव्हतं.

आज आपण जिला डॅशबोर्ड म्हणतो ती हीच फळी. सव्वाशे वर्षांत तिच्यावर काटे चढले, दिवे चढले, आता तिची जागा काचेच्या पडद्यांनी घेतली आहे. पण मला या हकीगतीत यंत्रांपेक्षा एक भांडण जास्त महत्त्वाचं वाटतं. चालकाची चूक झाली की दोष त्याच्या नजरेला द्यायचा की त्याच्यापुढच्या फळीला, हे ते भांडण. ज्यांनी फळीला जबाबदार धरलं, त्यांच्याच हातून ती सुधारत गेली.

सुरुवात वेगापासून झाली. १८९६ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या मोटारवाल्याला एका पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून पकडलं. वस्तीतली मर्यादा ताशी २ मैल, आणि हा गृहस्थ ८ मैलांनी चालला होता. त्याला एक शिलिंग दंड आणि कोर्टाचा खर्च भरावा लागला. १९०३ च्या कायद्याने तिथली मर्यादा २० मैलांवर नेली. आपण मर्यादेच्या आत आहोत की बाहेर, हे चालकाला कळण्याची सोय आता व्हायलाच हवी होती.

ती सोय स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यांनी आदल्याच वर्षी करून ठेवली होती. १९०२ साली त्यांनी पेटंट घेतलेल्या वेगमापकाची रचना इतकी सुरेख आहे की ती नीट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गाडीच्या चाकाशी जोडलेली लवचीक केबल आत एक चुंबक फिरवते. त्याच्याभोवती चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूची एक वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. तरीही चुंबक फिरू लागला की वाटीच्या धातूत विजेचे भोवरे तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचून धरते. वेग वाढला की ओढ वाढते आणि वाटीला लावलेला काटा तेवढाच पुढे सरकतो. ना बॅटरी, ना विजेची तार. याच तत्त्वावरचे काटे पुढची आठ दशकं जगभरच्या गाड्यांत फिरत राहिले.

काट्याचा खरा गुण मात्र त्याच्या अचूकपणात नाही. काटा वाचावा लागत नाही, तो कुठे आहे एवढं दिसलं तरी पुरतं. रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्याला तो नेहमीच्या कोनाच्या पुढे गेलेला डोळ्याच्या कोपऱ्यातूनही जाणवतो. आकडा दर वेळी नव्याने वाचावा लागतो, आणि तो चढतोय की उतरतोय हे एका नजरेत कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ मध्ये आणखी एक शहाणपणाची तरतूद आहे: वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये, जास्त दाखवला तर चालेल, तोही एका मर्यादेपर्यंत. खरा वेग १०० असेल तर मापकाने ११४ पर्यंत दाखवलेलं चालतं. चूक व्हायचीच असेल तर ती सुरक्षित बाजूला व्हावी, हे इथे कायद्यानेच ठरवून दिलं आहे.

इतर मापकं रेंगाळत आली. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पेट्रोलचा काटा नव्हता. टाकी पुढच्या आसनाखाली होती, म्हणून माणसांना उठवायचं, आसन उचलायचं आणि आत काठी बुडवून पाहायचं. इंजिनाच्या तापमानासाठी १९१० च्या दशकात ‘बॉइस मोटोमीटर’ आला. हा थर्मामीटर रेडिएटरच्या झाकणावर, म्हणजे गाडीच्या नाकावर उभा असे आणि चालक तो काचेतून बघे. मला ही जागा फार आवडते. मापक बघतानाही चालकाची नजर रस्त्याच्याच दिशेला राहते. पुढे १९८८ साली ओल्डस्मोबाइलनेच आपल्या एका गाडीत लढाऊ विमानांप्रमाणे वेगाचा आकडा समोरच्या काचेवर पाडला, तेव्हा हीच गोष्ट नव्याने साधली.

१९३० च्या दशकात हडसन कंपनीने तेलाचा दाब आणि बॅटरीचं चार्जिंग दाखवणारे काटे काढून त्यांच्या जागी छोटे दिवे बसवले. जाणकारांनी त्यांना ‘मूर्खांचे दिवे’ म्हणून हिणवलं. त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. काटा घसरू लागला की आधीच सुगावा लागतो, दिवा लागेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. तरीही मी दिव्याच्या बाजूने आहे. सगळं ठीक असताना तो गप्प राहतो आणि चालकाची नजर मागत नाही.

दोष नजरेचा की फळीचा, या प्रश्नाचा खरा अभ्यास सुरू झाला तो मात्र विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं धावपट्टीवर नीट उतरायची आणि मग तिथेच पोटावर बसायची. उतरल्यावर वैमानिकाला पंखांचे फ्लॅप मिटायचे असत, पण तो चाकंच मिटून टाके. नोंद व्हायची ‘वैमानिकाची चूक’. अल्फॉन्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि दिसायला सारखेच. त्याने सुचवलेला उपाय अगदी साधा होता. चाकांच्या खटक्याला रबराचं छोटं चाक लावायचं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा आकार द्यायचा, म्हणजे न बघता, नुसत्या बोटांना फरक कळेल.

१९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी मापकं वाचताना झालेल्या २७० चुकांचे अनुभव वैमानिकांकडूनच गोळा करून तपासले. उंची दाखवणाऱ्या एकाच तबकडीवर तीन काटे होते: शेकड्यांचा, हजारांचा आणि दहा हजारांचा. घाईत त्यांची अदलाबदल होऊन उंची वाचण्यात हजार फुटांची चूक होई. कसबी माणसंसुद्धा त्याच जागी पुन्हा पुन्हा चुकत असतील तर ती जागाच सदोष आहे, असा या अभ्यासाचा रोख होता. मोटारीच्या डॅशबोर्डबद्दल आज जे काही शास्त्र म्हणून शिकवलं जातं, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

मोटार कारखानदारांनी हा धडा लवकर घेतला नाही. डॅशबोर्डवरच्या चकचकीत क्रोमवरून परावर्तित झालेलं ऊन चालकाच्या डोळ्यांत जातं, असं राल्फ नेडर यांना १९६५ च्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकात लिहावं लागलं. त्यानंतर नियम आले. आयएसओ २५७५ या मानकाने चिन्हांची एक जागतिक चित्रलिपीच ठरवून दिली. तेलाची झारी, बॅटरी, पेट्रोलचा पंप ही चित्रं भाषा न येणाऱ्यालाही वाचता येतात. रंगही ठरले. लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे लवकर लक्ष घाला, हिरवा म्हणजे यंत्रणा चालू आहे, आणि निळा हेडलाइटच्या अप्परसाठी.

मोठ्या समित्यांच्या या कामात एका माणसाचा बाण मला विशेष जवळचा वाटतो. फोर्डमधले अभियंते जिम मॉयलन १९८६ साली भर पावसात कंपनीची एक गाडी घेऊन पेट्रोल भरायला गेले. टाकीचं झाकण नेमकं दुसऱ्या बाजूला निघालं आणि ते भिजले. परत येऊन त्यांनी वरिष्ठांना टिपण लिहिलं: पेट्रोलच्या काट्याशेजारी, झाकण ज्या बाजूला असेल त्या बाजूला तोंड केलेला एक लहानसा बाण छापावा. १९८९ च्या एस्कॉर्ट आणि मर्क्युरी ट्रेसर या गाड्यांत तो छापला गेला आणि पुढे इतर कंपन्यांनीही उचलला. (चित्रातल्या पंपाची नळी ज्या बाजूला, त्या बाजूला झाकण, असं बरेच जण समजतात. तो समज खरा नाही. बाणच बघावा.)

त्याच १९८६ सालच्या ब्यूइक रिव्हिएराचा धडा अगदी उलटा आहे. तिच्या डॅशबोर्डच्या मधोमध टीव्हीसारखा नऊ इंची पडदा होता, बोटाने दाबून चालणारा. रेडिओ आणि एसी दोन्ही त्यावरच. बटण कुठे आहे हे बोटांना कळण्याचा मार्गच उरला नव्हता. रेडिओ लावायलाही रस्त्यावरून नजर काढावी लागते, ही तक्रार तेव्हाच झाली, आणि १९९० च्या मॉडेलपासून तो पडदा गेला. २०१२ मध्ये टेस्लाच्या मॉडेल एसमध्ये १७ इंची टचस्क्रीन आली आणि बाकीचा उद्योग तिच्यामागे धावला. तोवर ब्यूइकचा अनुभव कोणाच्या लक्षात राहिला नव्हता. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण उत्तर हाताशी होतं.

आणि तोवर आकडेही हाताशी होते. अमेरिकेत शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून केलेल्या पाहणीचं विश्लेषण २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ रस्त्यावरून हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका किमान दुप्पट होतो, असं त्यात दिसलं. २०१३ मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने सल्ला दिला की कुठलंही काम एका वेळी दोन सेकंदांची नजर आणि एकूण बारा सेकंद, यात आटोपलं पाहिजे. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगाला दोन सेकंदांत गाडी सुमारे ६७ मीटर पुढे गेलेली असते.

अक्षरांचंही तसंच. एमआयटीच्या एजलॅबने २०१२ मध्ये दोन टाइप तुलनेला घेतले. एक चौकोनी, आवळलेल्या वळणांचा, दुसरा मोकळ्या वळणांचा. मोकळ्या टाइपात पुरुष चालकांचा पडद्याकडे बघण्याचा वेळ १०.६ टक्क्यांनी कमी झाला. २०२४ च्या सुरुवातीला टेस्लाला अमेरिकेतल्या सुमारे २२ लाख गाड्यांसाठी रिकॉल काढावा लागला, कारण ब्रेकच्या इशाऱ्याची अक्षरं नियमातल्या ३.२ मिलिमीटरपेक्षा लहान होती. मिलिमीटरच्या अंशासाठी एवढा खटाटोप कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी चाळिशी लागलेल्या माणसाच्या डोळ्यांनी रात्री तो इशारा वाचून पाहावा. देवनागरीत तर वर वेलांट्या आणि खाली उकार असतात. उभी जागा तेवढीच ठेवून इंग्रजीऐवजी मराठी इशारा बसवला तर मूळ अक्षर आणखी बारीक होतं. पडदे मराठी बोलू लागतील तेव्हा ही मापं नव्याने काढावी लागतील.

२०२२ मध्ये ‘वी बिलॅगरे’ या स्वीडिश मोटार मासिकाने एक चाचणी घेतली. धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगात चालकाने नेमून दिलेली चार कामं करायची: आसनाची ऊब, रेडिओचं स्टेशन, ट्रिपमीटर शून्यावर आणणं, डॅशबोर्डचा उजेड कमी करणं, अशी. चालकांना गाडीशी ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला होता. बटणांच्या २००५ सालच्या व्हॉल्वोला लागले १० सेकंद आणि ३०६ मीटर. टचस्क्रीनवाल्या एमजी मार्व्हल आरला ४४.९ सेकंद, म्हणजे १,३७२ मीटर.

गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून आपल्या गुणांकनात पाच गोष्टींसाठी हाताला लागणारी बटणं किंवा खटके मागितले आहेत: इंडिकेटर, हॅझर्डचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीची हाक. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ताशी ८० किलोमीटरपुढे अधूनमधून आणि १२० पुढे सतत वाजणारी सूचना सक्तीची झाली. ही चालकाच्या कानाची काळजी. डोळ्याची अजून व्हायची आहे. २०२३ मध्ये भारत एनकॅप सुरू झाला, तेव्हा प्रौढ प्रवासी, मुलं आणि सुरक्षेला साहाय्य करणाऱ्या यंत्रणा यांच्या आधारे तारे ठरू लागले. पडदा चालकाची नजर किती वेळ खातो, याला गुण नव्हते. पुण्यात वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था आहे, इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा चाचणीमार्ग आहे. एका मासिकाने धावपट्टी आणि घड्याळ घेऊन जे मोजलं, ते मोजायला आपल्याला यापेक्षा जास्त सामग्री लागणार नाही.