कवायत : देहाचे व्याकरण

‘कवायत’ आणि ‘कायदा’ हे मराठीतले दोन शब्द एकाच कुळातले आहेत. अरबीत ‘काइदा’ म्हणजे नियम आणि ‘कवाइद’ हे त्याचे अनेकवचन. उर्दूत ‘कवाइद’ हा शब्द व्याकरण आणि लष्करी संचलन अशा दोन्ही अर्थांनी चालतो. मराठीने व्याकरणाचा अर्थ बाजूला ठेवला आणि मैदानावरचा तेवढा घेतला. तरीही सैनिकाच्या प्राथमिक प्रशिक्षणाचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर तो सांडलेला अर्थ पुन्हा उचलून घ्यावा असे आम्हांला वाटते. नव्या शिपायाला घाम गाळावा लागतो, पण त्याची खरी कसोटी वेगळी असते. त्याला देहाची एक नवी भाषा शिकावी लागते आणि त्यासाठी जन्मापासून अंगात मुरलेली जुनी भाषा विसरावी लागते.

मराठ्यांच्या इतिहासात ‘कवायती फौज’ हे शब्द वारंवार येतात. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी १७६१ साली पानिपतावर लढल्या. महादजी शिंद्यांनी १७८४ साली द बॉयन् या सावोयच्या सेनानीला चाकरीस घेतले आणि त्याचे ‘कंपू’ उत्तर हिंदुस्थानात गाजले. या फौजांविषयीचा आपल्याकडचा वाद मात्र बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला : गनिमी कावा सोडून कवायती फौज धरणे हे शहाणपण होते की आत्मघात? प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो सेनापतींचा आणि मुत्सद्द्यांचा आहे. ज्याच्या देहावर ही कवायत घडली, तो शिपाई या वादात जवळजवळ कोठेच दिसत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना एक गोष्ट विशेष वाटेल. आधुनिक कवायतीचा जन्म ग्रंथवाचनातून झाला. नेदरलँड्समध्ये स्पेनविरुद्ध युद्ध चालू असताना १५९४ साली नासाऊच्या विल्यम लुईने आपला चुलतभाऊ मॉरिस याला एक पत्र लिहिले. रोमन काळातील एलियन या ग्रीक लेखकाचा युद्धरचनेवरचा ग्रंथ वाचून त्याला एक कल्पना सुचली होती. पहिल्या रांगेने बंदुका झाडून मागे जावे, दुसरीने पुढे यावे आणि अशा रीतीने गोळीबार अखंड चालू ठेवावा. पुढे १६०७ साली याकोब द गेनच्या चित्रांचे पुस्तक निघाले. बंदूक भरण्याच्या आणि झाडण्याच्या क्रियेचे त्यात चाळीसहून अधिक तुकडे पाडले होते आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र हुकूम होता. एका वाक्याची पदे वेगळी करून दाखवावीत, तशीच ही रीत.

या काटेकोरपणाला कारण होते. अठराव्या शतकातली चकमकीची बंदूक नेमकी नव्हती. काडतूस दातांनी फोडायचे, दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची. एवढे सगळे करून तरबेज शिपायाच्या हातून मिनिटाला दोन-तीन बार होत. एकट्याचा नेम फारसा उपयोगी नव्हता. अनेकांचा एकसमयी झालेला मारा उपयोगी होता. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या रांगेत एकाचा हात चुकला, तर शेजाऱ्याला इजा होण्याची भीती. म्हणून धुरात, आरडाओरड्यात आणि मरणाच्या दारातही विचार न करता हात चालले पाहिजेत, इतकी घोटणी आवश्यक मानली गेली.

ती घोटणी सोसणाऱ्याला काय वाटत होते? याचे उत्तर देणारे एक पुस्तक आहे. कंपनीच्या बंगाल सैन्यातला अवधचा ब्राह्मण शिपाई सीताराम पांडे याचे आत्मकथन नॉर्गेट या अधिकाऱ्याने इंग्रजीत आणले आणि ते १८७३ साली छापले गेले. मूळ हस्तलिखित हाती नसल्याने त्याच्या अस्सलपणाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. हे भान ठेवूनच ते वाचावे लागते. पण त्यातले नव्या शिपायाचे दिवस मोठे बोलके आहेत. मैदानावर माणसांचे लहान लहान गट चमत्कारिक हालचाली करताहेत, हुकूम परक्या भाषेतले, त्यातला एक शब्द कळत नाही. हसू येते, आणि तोच हवालदार कान पिरगाळतो. पुढे एकदा चूक झाल्यावर डोक्यावर असा तडाखा बसतो की तो बेशुद्ध पडतो. अंगातला कोट काखेत काचतो, जड टोपीने डोके दुखते. गावात ज्याच्या अंगाला कोणी हात लावला नसता, त्या ब्राह्मण तरुणाला कवायत प्रथम भेटते ती अपमान म्हणून.

शिंद्यांच्या कंपूंतही मोठा भरणा उत्तरेतल्या अशाच पुरभय्यांचा होता. त्यांचे आत्मकथन आमच्या वाचनात नाही. त्यांची साक्ष शत्रूच्या कागदांतून काढावी लागते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी मरेपर्यंत उभे राहिले. वेलस्लीचे दीड हजारांहून अधिक लोक मारले गेले किंवा जखमी झाले. पुढे १ नोव्हेंबरला लासवाडीला तर बहुतेक युरोपीय अधिकारी चाकरी सोडून गेलेले होते. तरीही पलटणी मोडल्या नाहीत आणि सेनापती लेकला त्यांच्या शौर्याची कबुली द्यावी लागली. शिकवणारे निघून गेले, पण शिकलेले उरले. ज्यांनी कान पिळवून घेऊन हे व्याकरण आत्मसात केले, त्यांच्याच मालकीचे ते झाले होते, असाच याचा अर्थ आम्ही लावतो.

मुंबई सैन्यात याच कवायतीला आणखी निराळा अर्थ आला. बंगाल सैन्य जातीचा मान राखी; मुंबई सैन्यात निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच रांगेत उभे केले जात. त्यांत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. गावात ज्याने वाकून जोहार घालायचा, अंतर राखून उभे राहायचे, त्यालाच येथे छाती पुढे काढून नजर समोर ठेवण्याचा हुकूम मिळत होता. सीतारामाला जी बेडी वाटली, तीच याच्यासाठी कण्याला दिलेली मोकळीक ठरली. कवायतीबरोबर लष्करी शाळाही आल्या. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ अशाच एका शाळेत शिक्षक होते. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, तेव्हा निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी आणि पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले. त्या अर्जांमागे पोटाचा प्रश्न होता, तसा ताठ उभे राहण्याच्या हक्काचाही होता. १९१७ साली उभी राहिलेली १११वी महार पलटण १९२१ साली मोडली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले.

फुको याने १९७५ साली कवायतीत सत्तेला वश झालेला देह पाहिला. इतिहासकार विल्यम मॅक्नील १९४१ साली स्वतः अमेरिकी सैन्यात भरती झाला होता. त्याने १९९५ साली नेमके उलटे लिहिले. अनेकांबरोबर एका ठेक्यात चालताना येणाऱ्या आनंदाची आणि आपलेपणाची त्याला आठवण होती. आमच्या मते दोघांनाही एक प्रश्न विचारायला हवा : मैदानावर येण्याआधी त्या देहाला समाजाने कोणती कवायत शिकवून ठेवली होती? कोणताच नवा शिपाई कोरी पाटी घेऊन येत नाही. जातीने, गावाने, गरिबीने त्याला उभे राहण्याची आणि वाकण्याची एक रीत आधीच शिकवलेली असते. हवालदाराचा हुकूम त्या रीतीवर आदळतो. कोणाचा त्यात मानभंग होतो, कोणाला प्रथमच मान सापडतो.

आज मराठीत ‘कंपू’ म्हणजे टोळके आणि ‘पलटण’ म्हणजे घरातली पोरे. शब्द सैल झाले, अर्थ घरगुती झाले. पण इतिहासाच्या पुस्तकात ‘कवायती फौज’ हे दोन शब्द पुन्हा भेटतील तेव्हा त्यांवरून घाईने पुढे जाऊ नये. त्या विशेषणात हजारो माणसांची कित्येक महिन्यांची घोटणी साठलेली आहे, आणि ती प्रत्येकाला सारख्या मोलाने पडलेली नाही.