हॅमस्टर पाळताना : निवड आणि आहार

कुत्र्याला जागा नाही, मांजराला घरातील वडीलधाऱ्यांची संमती नाही आणि मुलाचा हट्ट तर सुटत नाही, अशा वेळी शहरातील अनेक पालकांची पावले हॅमस्टरकडे वळतात. मुठीत मावणारा, आवाज न करणारा, दिसायला गोंडस आणि खर्चाला हलका असा हा प्राणी छोट्या घरासाठी सोयीचा वाटतो. मात्र दोन ते तीन वर्षे जगू शकणारा हा जीव काही आठवड्यांतच दगावल्याचा अनुभव पुष्कळ घरांत येतो. बहुतेकदा त्यामागे निष्काळजीपणापेक्षा अज्ञानातून केलेली माया असते. एकटे वाटू नये म्हणून आणलेला जोडीदार, लाडाने भरवलेले गोड फळ किंवा ऊब मिळावी म्हणून घातलेला कापूस हे सारे या प्राण्याला घातक ठरू शकते. म्हणून हॅमस्टर घरी आणण्यापूर्वी त्याचा मूळ स्वभाव जाणून घेणे अगत्याचे आहे.

मूळ स्वभाव

पाळीव हॅमस्टरांत सर्वाधिक परिचित असलेला सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर हा मूळचा सीरियाच्या उत्तरेकडील आणि लगतच्या तुर्कस्तानातील शेतजमिनीचा रहिवासी. १८३९ मध्ये जॉर्ज वॉटरहाउस या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने अलेप्पो येथील नमुन्यावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पुढे १९३० मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका शेतातील बिळातून एक मादी आणि तिची पिल्ले पकडली. पेटीत ठेवताच घाबरलेल्या मादीने आपलेच एक पिल्लू मारले. उरलेल्यांपैकी जी थोडी जगली, त्यांच्यापासूनच आज जगभर पाळल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व सोनेरी हॅमस्टरांचा वंश वाढला.

हॅमस्टर पाळू इच्छिणाऱ्याने त्याच्या तीन सवयी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, तो एकांतप्रिय आहे. जर्मनीतील हाले विद्यापीठाचे रॉल्फ गाटरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत निसर्गातील प्रत्येक बिळात एकच प्रौढ प्राणी आढळला. दुसरी, तो जमिनीत खोल बीळ करून राहतो. तिसरी, तो साठेबाज आहे. त्याच्या दोन्ही गालांत खांद्यांच्याही मागे पोहोचणाऱ्या पिशव्या असतात. त्यांत धान्य भरून तो कोठारात नेतो. साठा करणे या अर्थाचे जर्मन क्रियापदही याच प्राण्याच्या नावावरून आले आहे.

कोणता हॅमस्टर घ्यावा?

नवख्या पालकासाठी सोनेरी हॅमस्टर हा चांगला पर्याय होय. त्याचे वजन साधारण १०० ते १५० ग्रॅम भरते आणि आकाराने मोठा व तुलनेने संथ असल्याने तो हाताळणे सोपे जाते. दुकानांत 'टेडी बेअर' या नावाने मिळणारा लांब केसांचा हॅमस्टर हा वेगळी जात नसून सोनेरी हॅमस्टरच असतो. बुटक्या जातींपैकी रोबोरोव्हस्की हा अत्यंत चपळ असतो. त्याला हातात घेण्यापेक्षा पाहण्यातच आनंद मानावा लागतो. कॅम्पबेल या बुटक्या जातीत मधुमेहाकडे कल आढळतो. त्यामुळे तिच्या आहारात गोड पदार्थ टाळावे लागतात.

जात कोणतीही असो, नवख्याने एकच प्राणी घ्यावा. सोनेरी हॅमस्टर तर पिल्लूपण सरताच आपल्या भावंडांनाही सहन करीत नाही. दोन हॅमस्टर एका पिंजऱ्यात ठेवल्यास रक्तबंबाळ होईपर्यंत झुंज होते आणि अनेकदा एकाचा मृत्यू ओढवतो. नर-मादी एकत्र असल्यास आणखी एक अडचण उभी राहते. मादीचा गर्भकाळ अवघा १६ दिवसांचा असतो आणि पिल्ले चार ते सहा आठवड्यांची होताच त्यांनाही प्रजननक्षमता येऊ लागते. पाहता पाहता घरात डझनभर प्राणी होतात आणि त्या प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा लागतो.

दुकानात काय पाहावे?

भारतात २०१८ च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनुसार अशा दुकानांना राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि या नियमांत हॅमस्टरचाही समावेश आहे. दुकानदाराकडे नोंदणी प्रमाणपत्राची विचारणा करण्यात संकोच बाळगू नये. खरेदीसाठी सायंकाळची वेळ निवडावी. दिवसा हॅमस्टर झोपेत असतो, त्यामुळे सुस्त प्राणी आजारी आहे की नुसताच झोपाळू आहे हे कळत नाही.

निरोगी हॅमस्टरचे डोळे टपोरे व चमकदार, नाक कोरडे, केस दाट आणि पुढचे दात सरळ असतात. श्वास घेताना आवाज येत नाही. शेपटीखालचा भाग कोरडा आहे ना, हे आवर्जून पाहावे. तो ओला वा मळलेला असल्यास 'वेट टेल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीव्र अतिसाराची शंका घ्यावी. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना होणारा हा आजार दोन-तीन दिवसांत प्राण घेऊ शकतो. पिंजऱ्यातील एका जरी प्राण्यास तो झालेला दिसला, तरी त्या पिंजऱ्यातील कोणताही प्राणी घेऊ नये. दयेपोटी आजारी पिल्लू घरी आणण्याचा मोह पुष्कळांना होतो. नवख्या पालकाने तो टाळलेला बरा.

पिल्लू किमान पाच-सहा आठवड्यांचे असावे. दुकानात नर आणि माद्या एकत्र ठेवलेले असतील, तर विकत घेतलेली मादी आधीच गाभण असण्याची शक्यता असते. निघताना ते पिल्लू आजवर काय खात होते, हे विचारून त्याच खाद्याचा थोडा साठा बरोबर घ्यावा.

रोजचा आहार

हॅमस्टरच्या आहाराचा पाया गोळीखाद्याचा असावा. प्रथिनांचे प्रमाण सुमारे १६ ते २० टक्के असलेले, खास हॅमस्टरसाठी बनविलेले खाद्य उत्तम. केवळ पक्ष्यांचे दाणे, किंवा ससा व गिनीपिग यांचे खाद्य त्याला पुरेसे पोषण देत नाही. दाणे-बियांच्या मिश्रणात दुसराच दोष असतो. हॅमस्टर त्यातील सूर्यफुलाच्या बिया व शेंगदाणे वेचून खातो आणि बाकीचे तसेच ठेवतो. परिणामी अंगावर चरबी चढते आणि पोषण मात्र अपुरे राहते. असे मिश्रण द्यायचेच असेल तर गोळीखाद्यासोबत थोड्या प्रमाणात द्यावे.

मोठ्या सोनेरी हॅमस्टरला दिवसाकाठी सुमारे १० ते १२ ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा चमचा कोरडे खाद्य पुरते; बुटक्या जातींना त्याच्या निम्मे. खाद्य सायंकाळी, तो जागा होण्याच्या सुमारास द्यावे. येथेच नवख्या पालकाची हमखास चूक होते. वाटी रिकामी दिसली की 'बिचारा उपाशी आहे' असे वाटून ती पुन्हा भरली जाते. प्रत्यक्षात अन्न पोटात न जाता कोठारात गेलेले असते. त्यामुळे वाटीवरून अंदाज बांधण्याऐवजी आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन करावे. कोठारातील कोरडे धान्य पूर्णपणे उपसू नये, त्याने प्राणी अस्वस्थ होतो. ओले व नासके तेवढे काढून टाकावे. नवे खाद्य सुरू करताना ते जुन्यात मिसळून आठवडा-दहा दिवसांत हळूहळू बदल करावा.

पाण्यासाठी नळीची बाटली लावावी. नळीच्या टोकाची गोळी कधी कधी अडकते आणि बाटली भरलेली असूनही प्राणी तहानलेला राहतो. म्हणून रोज बोटाने गोळी दाबून पाणी येते की नाही, हे पाहावे.

ताजे पदार्थ आणि निषिद्ध पदार्थ

काकडी, गाजर, ब्रोकोली, ढोबळी मिरची किंवा कोथिंबीर यांचा नखाएवढा तुकडा धुऊन, कोरडा करून द्यावा. एका वेळी एकच नवा पदार्थ द्यावा आणि न खाल्लेला भाग सकाळी काढून टाकावा. भाजी जास्त झाल्यास जुलाब होतात. सफरचंद बिया काढून, तेही कणभर आणि आठवड्यातून एखाद्या वेळीच द्यावे. उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा अधूनमधून चालतो. शाकाहारी घरांत चांगल्या गोळीखाद्यातून प्रथिनांची गरज भागते.

कांदा, लसूण, चॉकलेट, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, टोमॅटोची पाने आणि संत्रे-लिंबू यांसारखी आंबट फळे कधीही देऊ नयेत. शेव, फरसाण, बिस्किटे, मिठाई आणि घरातील तिखट-मिठाचे पदार्थही वर्ज्य समजावेत. चिकट पदार्थ गालाच्या पिशवीत अडकतात आणि तेथे सडून जखम करतात. हॅमस्टरचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. ते झिजण्यासाठी रंग वा रसायन न लावलेला लाकडाचा तुकडा पिंजऱ्यात ठेवावा. तो स्वतःची विष्ठा खाताना दिसला तर घाबरू नये. त्यातून काही जीवनसत्त्वे परत मिळवण्याची ही नैसर्गिक रीत आहे.

घर आणि हवामान

दुकानात मिळणारे रंगीत, छोटे पिंजरे बहुधा अपुरे असतात. जर्मनीतील पशुवैद्यकांची प्राणी-संरक्षण संघटना हॅमस्टरसाठी किमान १०० सेंटीमीटर लांब आणि ५० सेंटीमीटर रुंद जागा सुचवते. बर्न विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०, ४० आणि ८० सेंटीमीटर जाडीच्या थरांवर ठेवलेल्या सोनेरी हॅमस्टरांची तुलना केली. सर्वांत पातळ थरावरील प्राणी पिंजऱ्याच्या तारा अधिक कुरतडत होते. म्हणून बीळ करता येईल इतका जाड, कागदी लगद्याचा थर घालावा. देवदार-पाइनचा उग्र वासाचा भुसा टाळावा. कापूस तर मुळीच घालू नये. त्याचे तंतू पायांना वेढतात आणि गालाच्या पिशवीत अडकतात. धावण्याचे चाक सलग पृष्ठभागाचे आणि पाठ न वाकता धावता येईल इतके मोठे असावे.

सुमारे १८ ते २४ अंश तापमान हॅमस्टरला मानवते. नागपूर-अकोल्याचा उन्हाळा आणि मुंबईचा दमट मे महिना त्याच्यासाठी कठीण काळ असतो. पिंजरा खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावा, आत फरशीचा गार तुकडा द्यावा आणि बाहेरून फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली टेकवावी. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी लागते. त्यामुळे खाद्य थोडे थोडे आणून हवाबंद डब्यात साठवावे.

पालकांची जबाबदारी

लहान प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य सर्वत्र मिळत नाहीत. म्हणून हॅमस्टर आणण्यापूर्वीच त्यांचा शोध घेऊन ठेवावा. घरातील औषध मनाने देणे प्राणघातक ठरू शकते. पेनिसिलिन व अमॉक्सिसिलिन यांसारखी, माणसांना सर्रास दिली जाणारी प्रतिजैविके हॅमस्टरच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचा नाश करून त्याचा जीव घेऊ शकतात. प्राणी हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. काही हॅमस्टरांतून माणसाला संसर्ग होऊ शकणाऱ्या एका विषाणूपासून गर्भाला धोका असल्याने गरोदर स्त्रियांनी पिंजरा साफ करण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे.

घरी आणल्यावर पहिले काही दिवस त्याला हात न लावता फक्त अन्न-पाणी द्यावे. नंतर तळहातावर एखादा दाणा ठेवून त्याला आपणहून जवळ येऊ द्यावे. दिवसा झोपेतून उठवून मुलाच्या हाती दिलेला हॅमस्टर चावतो, आणि दचकलेल्या मुलाच्या हातून खाली पडून त्याची हाडे मोडतात. हट्ट मुलाचा असला तरी वजन, पाणी आणि पिंजऱ्याची स्वच्छता यांवर रोजची नजर मोठ्यांनाच ठेवावी लागते. पुढील दोन-तीन वर्षे घरातील एखादी प्रौढ व्यक्ती हे नेमाने करू शकेल, अशी खात्री असेल तरच दुकानाची पायरी चढावी.